ओतीव पदकाची अस्सल प्रत

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या ओतीव पदकाची अस्सल प्रत कशी ओळखायची, ते आज पाहू. बायझंटाईन सम्राट आठवा योहान पॅलिओलोगोस १४३८ साली इटलीतल्या फेराराला आला. तुर्कांविरुद्ध मदत हवी होती. त्यानिमित्तानं पिसानेल्लो या इटालियन चित्रकारानं त्याचं कांस्यपदक घडवलं, व्यास साधारण दहा सेंटिमीटर. एका बाजूला उंच टोपीतला, बाजूनं दिसणारा चेहरा. मागे घोड्यावर बसून वाटेवरच्या क्रूसाला हात जोडणारा सम्राट. प्रबोधनकाळातल्या व्यक्तिपदकांची सुरुवात इथून मानतात. पिसानेल्लो मात्र पदकावरही सही करायचा ती ‘चित्रकार’ म्हणूनच!

ही पदकं नाण्यांसारखी ठोकलेली नाहीत, ओतलेली आहेत. आधी पाटीच्या किंवा लाकडाच्या चकतीवर मेणात उठाव घडवायचा, दोन्ही बाजूंचा वेगळा. त्यांचे ठसे बारीक माती-वाळूच्या साच्यात घ्यायचे, दोन अर्धे जुळवायचे, वितळलेल्या धातूचा रस ओतायला एक वाट आणि हवा निघायला बारीक वाटा ठेवायच्या. मग साचा पूर्ण वाळवून तापवायचा. इथं घाई केली की काम बिघडतं. ओल राहिली तर वाफ होते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. रस थंड पडला तर अक्षरं आणि कडा अर्धवट भरतात. दोन अर्धे सरकले तर दोन्ही बाजूंची वर्तुळं एकमेकांवर येत नाहीत. ओतल्यावर कानस आणि छिन्नीनं साफसफाई करायची; पण छिन्नी जास्त फिरली की मेणातला मऊपणा गेलाच.

१४४७ चं चेचिलिया गोंझागाचं पदक पाहा. इटलीतल्या मांटुआच्या या राजकन्येनं लग्न नाकारून मठाची वाट धरली. मागच्या बाजूला चंद्रकोरीखाली बसलेली तरुणी, तिच्याजवळ बोकडासारखा केसाळ, एकशिंगी काल्पनिक प्राणी (युनिकॉर्न), शेजारच्या दगडावर सही आणि साल. चांगल्या प्रतीत त्या केसांच्या बटा वेगवेगळ्या दिसतात. नंतरच्या प्रतीत त्यांचा एकच गोळा होतो.

असं का होतं? तयार पदकच साच्यात दाबून पुन्हा ओतता येतं, आणि पुढच्या शतकांत तसं भरपूर झालं. कांसं गोठताना, थंड होताना आक्रसतं, साधारण एक ते दोन टक्के. म्हणजे शंभर मिलिमीटरचं पदक दुसऱ्या पिढीत अठ्ठ्याण्णव-नव्याण्णववर येतं, तिसरीत आणखी खाली. पण नुसता बाहेरचा व्यास मोजू नका. कड कानसलेली असू शकते. कॅलिपर, म्हणजे अंतर मोजायचं चिमट्यासारखं साधन, लावायचा तो चित्रातल्या दोन ठरलेल्या बिंदूंवर, उदाहरणार्थ नाकाच्या टोकापासून समोरच्या अक्षराच्या टोकापर्यंत. वजनावर तर मुळीच विसंबू नका: दोन अर्ध्यांमधलं अंतर बदललं की जाडी बदलते. नंतर भिंगातून अक्षरं पाहा. झिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत दिसली तर शंका घ्या.

मात्तेओ दे’ पास्तीनं घडवलेली सिजिस्मोंदो मालातेस्ता या रिमिनीच्या सत्ताधीशाची पदकं इटलीतल्या त्याच रिमिनी शहरात इमारतींच्या भिंतींत पुरलेली सापडली. हाताळणी न झालेल्या अशा प्रती तुलनेला फार उपयोगी.

सोळाव्या शतकात पोप सातव्या क्लेमेंटसाठी चेल्लिनी या इटालियन सोनार-शिल्पकारानं केलेली पदकं मात्र पोलादी ठशांनी छापलेली आहेत. तिथं आक्रसण्याचा हिशेब लागू पडत नाही. एकाच ठशाच्या अनेक प्रती समोर ठेवून ठशाला पडलेली चीर कुठवर वाढली ते पाहावं लागतं.