ते ब्लू व्हेल तेवढं डिलीट करून द्या

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या नवी पेठेत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. मुलं आणि मोबाईल गेम या विषयावर बोलाल का असं विचारल्यावर मी लगेच हो म्हणलो, कारण या विषयाचं माझ्या मनात बरीच वर्षं साठलेलं आहे आणि काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाला ते पाच मिनिटांत सांगून होत नाही.

गड्ड्यापासून, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेपासून सुरुवात करतो. मागच्या संक्रांतीची गोष्ट, होम मैदानावर पाळणे लागलेले, गावात सगळीकडं गर्दी, आणि संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या पोराला घेऊन दुकानात आले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचा माल नेणारा टेम्पो चालवतात. फोन काउंटरवर ठेवला तर स्क्रीनचा पार चुरा, कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरलेला. "फोल्डर बदलायला किती घेणार?" फोल्डर म्हणजे काच, टच, डिस्प्ले सगळं एकत्र. पोरगं बारा वर्षांचं असेल, मान खाली, डोळे सुजलेले. पडला का कुठं, असं विचारलं तर बाप म्हणाला, पडला नाही, मीच आपटला.

झालं होतं असं की नातेवाइकांच्या ग्रुपवर मुलांना मारामारी शिकवणाऱ्या जीवघेण्या गेमची एक यादी आलेली, खाली हात जोडलेले, प्रत्येक पालकापर्यंत पोचवा म्हणून. तीच यादी मग पोराच्या शाळेच्या ग्रुपवर पण आली, म्हणजे आता खरीच असणार. हे दिवसभर गाडी चालवून घरी येतात तर पोरगं कोपऱ्यात फोन आडवा धरून बसलेलं. पुढचं काही विचारलंच नाही, फोन हिसकावला आणि फरशीवर आपटला.

मी फोल्डर बदलला आणि टच नीट चालतोय का बघायला फोन पोराच्याच हातात दिला, म्हणलं तुझा गेम उघड बघू. उघडला. बस चालवायचा गेम. बस सिम्युलेटर इंडोनेशिया नावाचा, तिथल्याच मालेओ नावाच्या कंपनीनं २०१७ साली काढलेला. त्यात आपल्याला पाहिजे तो रंग बसला लावता येतो, आणि या पोरानं लावली होती आपली एसटी, लाल परी. स्टँडवर थांबवायची, माणसं घ्यायची, सिग्नल पाळायचा, पुढच्या गावाला जायचं. एवढाच गेम. कुणाला मारायचं नाही की काही नाही.

ही एकट्या त्या बापाची चूक आहे असं मी म्हणत नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. गेम म्हणलं की न बघता पेटायची सवय आपल्याला लागलीय आणि ती आजची नाही.

तुम्हाला २०१७ आठवतंय का बघा. ब्लू व्हेल. पन्नास दिवस, पन्नास टास्क आणि शेवटी जीव द्यायचा, अशा बातम्या रोज टीव्हीवर. सोलापूरचंही नाव त्या बातम्यांत आलं होतं. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्या दुकानात रोज चार-पाच आईबाप यायचे, "भाऊ, पोराच्या फोनमधलं ते ब्लू व्हेल तेवढं डिलीट करून द्या." मी सांगून दमलो की असं ॲपच कुठं नाही, प्ले स्टोअरवर नाही, कुठंच नाही, जे नाही ते डिलीट काय करू. लोकांना वाटायचं मला जमत नाही म्हणून मी टाळतोय, मग बाजूच्या दुकानात जायचे. पुढं सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली, त्या समितीनं एकेक केस तपासली, आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की यातल्या कुठल्याही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झालेला नाही. ही बातमी आतल्या पानावर आली. आजही दहा जणांना विचारा, नऊ जणांना ती माहीत नसते. पण ज्या घरातलं पोर गेलं, त्या घराला कोण विचारायला गेलं की बाबांनो त्याला नेमका त्रास कशाचा होता? गेमचं नाव मिळालं की चौकशी तिथंच थांबते. मला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

बाहेरच्या देशांत पण हेच झालंय. अमेरिकेत १९७६ साली एक्सिडी कंपनीचा डेथ रेस नावाचा गेम आला, पैसे टाकून उभं राहून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची गाडी आणि काडीची माणसं म्हणावीत अशी दोन-चार चित्रं, गाडीनं ती चिरडायची, कंपनी म्हणायची ती माणसं नाहीत, भुतं आहेत. त्यावर एवढा गदारोळ झाला की पेपर, टीव्ही सगळीकडं तेच, आणि त्या गदारोळानं झालं काय तर मशीनची मागणी वाढली.

मग १९९३. अमेरिकेच्या सिनेटमध्ये हिंसक गेमवर सुनावणी झाली, जोसेफ लीबरमन हे सिनेटर पुढं होते. मॉर्टल कोम्बॅटमध्ये रक्त आणि कत्तल खरंच होती, त्यावर बोलले ते एक समजू शकतो. पण दुसरा गेम होता नाइट ट्रॅप, आणि त्याच्यावर आरोप काय, तर यात मुलींवर हल्ले करायला शिकवतात. गेम नेमका उलटा होता हो. घरात शिरलेल्या हल्लेखोरांना सापळ्यात पकडायचं आणि मुलींना वाचवायचं, हेच खेळणाऱ्याचं काम होतं. तोच गेम २०१७ साली परत बाजारात आला तेव्हा त्याला तेरा वर्षांवरच्या मुलांचं रेटिंग मिळालं. अर्थात त्या सुनावणीतून एक चांगलं काम झालं ते पण सांगतो, १९९४ साली गेमच्या पाकिटावर वयाचं रेटिंग छापायची पद्धत तिथं सुरू झाली. आज प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली वय लिहिलेलं असतंय. माझ्या दुकानात येणाऱ्या पालकांपैकी ते वाचून आलेला मला अजून भेटायचाय.

आपल्याकडं २०१६ मध्ये पोकेमॉन गो वरून गुजरात हायकोर्टात याचिका गेली. त्या गेममध्ये चालत फिरून गोष्टी गोळा करायच्या असतात, त्यात अंडी मिळतात, आणि मिळायच्या जागांत देवळं पण होती. देवळात अंडी म्हणजे भावना दुखावल्या. कोर्टानं नोटीस काढली. मी स्वतः दर सोमवारी सिद्धेश्वराला जाणारा माणूस आहे, देवळाच्या पावित्र्याचं मला कुणी सांगायची गरज नाही, पण ती स्क्रीनवरची चित्रं होती, खेळणारा ठराविक अंतर चालला की फुटून त्यातून कार्टूनचा प्राणी निघायचा. आणि मुख्य म्हणजे याचिका झाली सप्टेंबरात, गेम भारतात रीतसर आला डिसेंबरात. आधी वाद, मग गेम.

राजकोटला तर मार्च २०१९ मध्ये पोलिसांनी पबजीवर बंदीचा आदेश काढून दहा पोरं पकडली. फोनवर गेम खेळली म्हणून. जामिनावर लगेच सुटली, पण कॉलेजच्या पोराच्या नावावर पोलिसात नोंद म्हणजे काय असतं ते नोकरी शोधताना कळतं. पुढं २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजी बंद केला तेव्हा किती लोक मला येऊन म्हणाले, बघा, पोरं बिघडत होती म्हणून सरकारनं पण बंद केला. अहो नाही. त्या दिवशी एकूण ११८ ॲप बंद केली, त्यात फोटोची होती, फाइल पाठवायची होती, कारण चीनशी संबंध आणि आपला डेटा बाहेर जायची भीती. मारामारीचा त्यात विषयच नव्हता. मारामारीमुळं बंद केला असता तर २०२१ ला तोच गेम बीजीएमआय नावानं परत कसा आला असता?

आता गेमवाल्या पोरांनो, तुम्ही ऐकत असाल तर तुम्हाला पण बोलणार आहे, कारण न बघता पेटायचा मक्ता काय फक्त आईबापांचा नाही. मास इफेक्ट नावाचा गेम आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यूज चॅनलवर त्याच्यात अश्लीलता भरलीय म्हणून चर्चा रंगली, टीका करणाऱ्या बाईंनी गेम खेळलेलाच नव्हता, आणि नंतर बघितल्यावर त्यांनी चूक झाली म्हणून कबूल केलं. तेव्हा सगळे गेमर चिडले, बरोबरच होतं. पण २०१२ मध्ये त्याचाच तिसरा भाग आला, शेवट आवडला नाही, तर हीच मंडळी ग्राहक म्हणून फसवलं असल्या तक्रारी सरकारी खात्यापर्यंत घेऊन गेली. काही जणांनी मात्र पैसे गोळा करून कंपनीला चारशेच्या वर कपकेक पाठवले, लाल, निळे, हिरवे, सगळ्यांची चव एकच, म्हणजे तुम्ही दिलेले तिन्ही शेवट आम्हाला सारखेच लागले. मला हा निषेध फार आवडतो, कारण ज्यानं गेम शेवटपर्यंत खेळलाय तोच असा निषेध करू शकतो. आणि २०१६ ला नो मॅन्स स्काय नावाचा गेम दीडेक महिना पुढं ढकलला तर बनवणाऱ्यांना जिवे मारायच्या धमक्या गेल्या. गेम उशिरा येणार म्हणून माणसाला मारणार? मग तुमच्यात आणि त्या यादी फॉरवर्ड करणाऱ्या काकांत फरक काय राहिला.

हे सगळं मी का सांगतोय, गेममध्ये काहीच वाईट नाही असं माझं म्हणणं आहे का? अजिबात नाही. उलट खरं वाईट काय ते मी रोज काउंटरवर बघतो. दोन वर्षांपूर्वी साखर पेठेतल्या एक मावशी आल्या, नवऱ्याचा फोन घेऊन. लॉक काढून द्या म्हणाल्या. मी म्हणलं मालक आल्याशिवाय काढता येत नाही, तर तिथंच बाकावर बसून रडायला लागल्या. नवरा यंत्रमागावर काम करणारा, रात्री ऑनलाइन रमी खेळायचा, पगार झाला त्याच रात्री खात्यात काही उरायचं नाही, कानातलं गहाण पडलेलं. हा माणूस चाळिशीचा होता, बारा वर्षांचा नव्हता. त्याच्या रमीवर कुणी फॉरवर्ड काढला नाही, शाळेच्या ग्रुपवर यादी आली नाही, चौकात पुतळा जाळला नाही, आणि जाहिराती तर मोठमोठे नट, क्रिकेटर करत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तेव्हा मला पहिल्यांदा त्या मावशींची आठवण झाली. तोपर्यंत किती घरं धुऊन निघाली असतील.

व्यसनाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमचं व्यसन हा आजार म्हणून आपल्या यादीत घेतलाय, पण त्याची खूण काय सांगितलीय, तर खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागं पडतं, नुकसान दिसत असून सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असलं पाहिजे. असा मुलगा घरात असेल तर फोन आपटून काही होत नाही, त्याला डॉक्टरकडं न्यायला लागतंय. पण मेच्या सुट्टीत दोन तास खेळलेल्या पोराला पण व्यसनी म्हणायचं आणि रात्र रात्र जागून वजन उतरलेल्या पोराला पण व्यसनीच म्हणायचं, तर ज्याला खरंच मदत पाहिजे तो दिसणार कसा?

त्या संध्याकाळचं अर्धं सांगायचं राहिलं. पोरानं गेम उघडला, मी दुकानातलं स्टूल पुढं सरकवलं आणि बापाला म्हणलं, बसा, पैशाचं नंतर बघू. बसले. सुरुवातीला नुसतं बघत होते, हाताची घडी घालून. मग म्हणाले, "स्टेरिंग तर आपल्यासारखंच उजवीकडं हाय की." मी सांगितलं, इंडोनेशियात पण गाड्या आपल्यासारख्याच डावीकडनं चालतात. मग थोडं पुढं वाकले. रस्त्यावरच्या पाट्या काय लिहिल्यात ते विचारलं, पोराला पण नीट माहीत नव्हतं, पण या पाटीनंतर घाट येतो एवढं माहीत होतं. पोरानं हॉर्न वाजवून दाखवला, तिकडं बसचे असे सुरातले हॉर्न वाजवा म्हणून पोरं रस्त्यावर उभी राहतात, ते पण सांगितलं. बाहेर गड्ड्याला जाणाऱ्यांची गर्दी, आत हे दोघं त्या सहा इंची स्क्रीनवर. पुढं वळण आलं, पोरानं बस तशीच घातली, आणि बाप स्टुलावरून उठल्यासारखा ओरडला, "काय बे, इंडिकेटर दे की आधी! मागून गाडी येतीय, आरसा बघितलास का?"

पोरानं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणलं, "आरसा हाय पप्पा, थांबा, दाखवतो."