लॅपटॉपची स्क्रीन: उजेड, बिजागरी आणि फडकं

मंडळी, लॅपटॉप घेतल्या दिवसापासून ब्राइटनेस शंभरावर ठेवणारे इथे किती जण आहेत? राहू द्या, हात वर करू नका. आधी त्या उजेडाचंच बोलू.

एलसीडी स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो. बहुतेक लॅपटॉपांत एका कडेला बारीक एलईडींची पट्टी असते आणि तिचा उजेड मागच्या पारदर्शक पत्र्यातून सगळीकडे पसरतो. हे दिवे मुळात निळे, वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाने पिवळा चमकणारा लेप, चढवून पांढरे केलेले. याच निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दिवे जितके जोरात पेटवाल तितके तापतात, आणि तापले की लवकर मंदावतात.

मग ब्राइटनेस ठेवायचा किती? वर्डचं कोरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा. दोन्ही सारखेच उजळ दिसले की बास. रात्री ट्यूबलाइटखाली हे माप बरंच खाली येतं. दुपारी गॅलरीत शंभरही पुरत नाही. तेव्हा खुर्ची आत घ्या. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशनला हात लावू नका, ती पुसट होतील. स्केल १२५ टक्के करा.

स्क्रीनसेव्हर जुन्या डबा-मॉनिटरसाठी होता. एलसीडीत त्याने मागचे दिवे नुसते जळत राहतात. पाच मिनिटांनी स्क्रीन बंद होऊ द्या. ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारी स्क्रीन, असेल तर मात्र टास्कबार लपवाच. एकच चित्र एकाच जागी फार काळ राहिलं की त्याचा डाग उमटतो.

पण माझं विचाराल तर स्क्रीन उजेडापेक्षा हातानेच जास्त जातात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एका बिजागरीवर येतो, आणि स्क्रीनची केबल तिथूनच जाते. वरच्या कडेला मधोमध धरा. मिटताना कीबोर्डवर पेन राहिलंय का बघा. कॅमेऱ्यावरची जाड सरकती झाकणीसुद्धा काच फोडते. आणि स्कूटरवर पायाशी लॅपटॉपची बॅग, तिच्यावर मंडईतली भाजी, हे तर आपल्या पुण्यात रोजचंच!

पुसायचं ते बंद करून, मायक्रोफायबरच्या फडक्याने. डिस्टिल्ड वॉटर फडक्यावर घ्या, स्क्रीनवर फवारू नका. खिडक्यांच्या काचा पुसायचं अमोनियावालं लिक्विड नको. वरचा थर जातो.

एवढं करूनही स्क्रीन काळी पडली, तर दुरुस्तीसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतलं दुकान गाठण्याआधी खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरका मारा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनल चित्र दाखवतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल, पण एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीवर नीट दिसत असेल, तर संशय केबलवर घ्या. ती पॅनलपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. दुकानदाराला आधी तीच तपासायला सांगा, आणि तो ती उघडेपर्यंत काउंटरपाशीच उभे राहा.