शर्बर्न : बोलक्या इंग्रजीचा उन्हाळा

[दृश्य : ॲबीचा मनोरा, खाली शाळेचे चौक, बॅगा ओढत येणारी मुले]

जुलै उजाडला की इंग्लंडमधल्या निवासी शाळा रिकाम्या होतात. वर्षभर तिथे राहणारी मुले घरी जातात आणि सप्टेंबरपर्यंत वसतिगृहे, भोजनगृह, वर्ग, मैदाने हे सारे मोकळे राहते. याच काळात त्यांतल्या अनेक वास्तूंमध्ये दुसरी शाळा भरते. इटली, स्पेन, तुर्कस्तान, कझाकस्तान, जपान, चीन, ब्राझील अशा देशांतली मुले दोन-चार आठवड्यांसाठी येथे इंग्रजी शिकायला येतात. थोडी भारतातूनही येतात. सकाळी वर्ग, दुपारी खेळ, संध्याकाळी एकत्र कार्यक्रम आणि शनिवार-रविवारी सहल, असा त्यांचा आठवडा ठरलेला असतो.

हे डॉर्सेट परगण्यातले शर्बर्न. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून एक्झिटरला जाणारी रेल्वे या गावावरून जाते. समोर दिसते ती पिवळसर दगडाची वास्तू म्हणजे शर्बर्न ॲबी, म्हणजे जुन्या मठाचे चर्च, आणि तिला लागून असलेले चौक, ग्रंथालय व प्रार्थनागृह शर्बर्न शाळेचे आहे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, 1539 मध्ये, येथला मठ बरखास्त झाला, ॲबी गावाचे चर्च झाली आणि 1550 मध्ये सहाव्या एडवर्डच्या सनदेने शाळेची पुनःस्थापना झाली. मठाच्या काही वास्तू पुढे शाळेकडे आल्या. आज ज्या चौकातून ही मुले बॅगा ओढत चालली आहेत, तेथे पूर्वी मठवासी राहत.

[दृश्य : ॲबीचे छत, वर पाहणारी मुले]

ॲबीचे हे पंखाकृती कमानींचे छत 15 व्या शतकातले आहे. काही ठिकाणी दगडावर लालसर छटा दिसते, ती 1437 च्या आगीची खूण आहे. मठ आणि गावकरी यांच्यातला वाद विकोपाला जाऊन ती आग लागली होती. पहिल्याच दिवशी मुलांना येथे आणतात. त्यांच्यापैकी काहींना मार्गदर्शकाचे अर्धे बोलणेही कळत नाही, परंतु सगळ्यांच्या माना वर होतात.

या गावाचा भाषेशी असलेला संबंध शाळेपेक्षाही जुना आहे. नवव्या शतकात वेसेक्स या इंग्रज राज्याच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारी असर नावाचा एक विद्वान धर्मगुरू होता आणि तो पुढे शर्बर्नचा बिशप झाला. असर वेल्सचा, म्हणजे त्याची मायबोली वेल्श. त्याचे लेखन लॅटिनमध्ये. आणि ज्या राजाला लॅटिन ग्रंथ वाचायला त्याने साहाय्य केले, त्या राजाची भाषा जुनी इंग्रजी. आल्फ्रेड प्रौढ वयात लॅटिन शिकला आणि लोकांना आवश्यक वाटतील असे ग्रंथ त्याने इंग्रजीत आणवले. त्याचे दोन थोरले भाऊ, एथेलबाल्ड आणि एथेलबर्ट, याच ॲबीत पुरलेले आहेत. परभाषा शिकणे हे लहान मुलांचे आणि घोकंपट्टीचे काम आहे, अशी समजूत आपल्याकडे फार रुजलेली असल्यामुळे राज्याचा कारभार सांभाळत, युद्धे लढत परभाषा शिकणाऱ्या या राजाची हकिकत येथे मुद्दाम सांगितली आहे.

[दृश्य : वसतिगृहाचा जिना, भिंतीवरच्या जुन्या वर्गांच्या छायाचित्रांच्या चौकटी]

निवासी शाळांच्या वाढीला हिंदुस्थानचाही हातभार आहे. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या नोकरीत असलेले इंग्रज अधिकारी आपली मुले लहानपणीच विलायतेला पाठवत, आणि ती नातेवाइकांकडे, परक्या कुटुंबांत किंवा अशा शाळांच्या वसतिगृहांत वाढत. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग याचे बालपण याच रीतीने गेले. त्याचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात नोकरीला होते आणि ॲलन व त्याचा भाऊ इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका निवृत्त कर्नलच्या कुटुंबात राहिले. 1926 च्या मे महिन्यात ॲलन शर्बर्न शाळेत दाखल व्हायला निघाला तेव्हा वडिलांनी नोकरी सोडली होती आणि कुटुंब फ्रान्समध्ये राहत होते. बोटीने साउदॅम्प्टनला उतरल्यावर त्याला कळले की सार्वत्रिक संपामुळे रेल्वे बंद आहे. तेरा वर्षांच्या या मुलाने सायकलवर टांग टाकली, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि साठ मैलांहून अधिक अंतर कापून तो शाळेत हजर झाला. सुटीतल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे प्रश्न शब्दांसाठी थांबत नाहीत. सायकल कोणती होती, पाऊस होता का, एकट्याला भीती वाटली नाही का, असे जे सुचेल ते मोडक्या इंग्रजीत विचारले जाते.

[दृश्य : परीक्षेला बसलेली मुले, नंतर एकेकाची तोंडी मुलाखत]

पहिल्या सकाळी चाचणी होते. लेखी प्रश्नपत्रिका, एक छोटा परिच्छेद आणि मग शिक्षकाशी काही मिनिटांचे बोलणे. त्यावरून मुलांची पातळी ठरते. कौन्सिल ऑफ युरोप या संघटनेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक चौकटीत ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि जगभरातल्या बहुतेक भाषाशाळा त्याच वापरतात.

पडद्यावर डावीकडे बसलेली मुलगी पुण्याहून आली आहे. तिची लेखी उत्तरपत्रिका जवळपास निर्दोष आहे. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यये, सगळे जिथल्या तिथे. शिक्षिकेने विचारले, काल प्रवास कसा झाला? मुलीने आधी ओठ हलवून वाक्य मनात जुळवले, ते तपासले, आणि ते उच्चारेपर्यंत शिक्षिका दुसऱ्या प्रश्नाकडे वळली होती. शेजारच्या इटालियन मुलाच्या लेखी उत्तरांत चुकाच चुका होत्या, परंतु त्याने हातवारे करत विमानतळावर हरवलेल्या बॅगेची संपूर्ण कहाणी सांगितली. आपल्याकडच्या शिक्षकांनी हे दृश्य जरूर पाहावे. मुलीची तयारी कमी नव्हती. तिला आजवर बोलण्याची वेळ फारशी आली नव्हती, एवढेच.

[दृश्य : वर्ग. दोन मुले पाठीला पाठ लावून बसली आहेत, प्रत्येकाच्या हाती एक कागद]

आता हा वर्ग जरा निवांतपणे पाहू. दोन्ही कागदांवर एकाच रेल्वेचे वेळापत्रक आहे. मात्र एकाच्या कागदावर काही गाड्यांच्या वेळा कोऱ्या सोडल्या आहेत आणि दुसऱ्याच्या कागदावर दुसऱ्याच. कागद दाखवायचा नाही. विचारूनच रकाने भरायचे आणि दोघांनी मिळून ठरवायचे की दुपारच्या भोजनापर्यंत बाथ शहरात पोहोचायचे तर कोणती गाडी पकडावी. जपानी मुलगी तेरा (थर्टीन) मिनिटे सांगते, तुर्की मुलगा तीस (थर्टी) लिहितो. गाडीचा मेळ बसत नाही. तो पुन्हा विचारतो. ती या वेळी शब्दाच्या शेवटावर जोर देते, तो खोडरबर घेतो. शिक्षिका दोन पावलांवर उभी आहे, तिने सारे ऐकले आहे, पण ती मध्ये पडत नाही. वहीत एक नोंद करते. तास संपायला दहा मिनिटे उरल्यावर तेरा आणि तीस हे दोन्ही आकडे ती फळ्यावर लिहील आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेईल. चूक कोणाची होती, हे ती सांगणार नाही.

या पद्धतीत व्याकरण टाकून दिलेले नसते. मन अर्थामध्ये गुंतलेले असताना भाषेचे नियम आपोआप अंगवळणी पडतात, असा यामागचा विचार आहे, आणि म्हणून आधी काम, मग त्या कामातून वर आलेल्या अडचणीपुरता नियम, असा क्रम येथे असतो.

हा विचार पुढे नेणारा एक महत्त्वाचा प्रयोग भारतात झाला. 1979 ते 1984 या काळात ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयातले एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांत तो केला आणि भाषाशिक्षणाच्या जगात तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. प्रभूंच्या वर्गात वाक्यरचनांचा सराव नव्हता, नियमांचे पाठांतर नव्हते. होती ती रेल्वेची वेळापत्रके, गावांचे नकाशे, दिनदर्शिका आणि त्यांवरचे कोडे. शर्बर्नच्या वर्गातल्यासारख्या जोड्या मात्र तेथे नसत. आपसांत बोलू लागली की मुले मायबोलीकडे वळतील, हे प्रभूंना ठाऊक होते. त्यामुळे शिक्षक आधी एक कोडे सगळ्या वर्गाबरोबर, प्रश्नोत्तरे करत, इंग्रजीत सोडवत, आणि मग तशाच धर्तीचे दुसरे कोडे प्रत्येक मुलाने स्वतः सोडवायचे. वर्ग मोठे, साधने तुटपुंजी, हाताशी खडू आणि फळा. या प्रयोगाचे बाहेरच्या अभ्यासकांनी मूल्यमापन केले, निष्कर्ष बऱ्याच अंशी अनुकूल निघाले आणि प्रकल्प तेथेच थांबला. पद्धत मात्र कृतीवर आधारित भाषाशिक्षण या नावाने जगभर गेली. महाराष्ट्रात 2000 पासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. आज शर्बर्नच्या या वर्गात पुण्याची मुलगी ज्या रीतीने शिकत आहे, ती रीत तिच्या घरापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी वापरून झाली होती. त्यासाठी लागले होते ते तयारीचे शिक्षक आणि त्यांना दिलेली मोकळीक.

[दृश्य : वसतिगृहातली खोली, पलंगांवर पसरलेले सामान, नंतर भोजनगृहातली रांग]

वर्गातले तास आठवड्याला साधारण पंधरा. उरलेले शिक्षण खोलीत, रांगेत आणि मैदानावर होते, आणि त्यासाठीची व्यवस्था विचारपूर्वक केलेली असते. एकाच देशाच्या मुलांना शक्यतो एका खोलीत ठेवत नाहीत. वसतिगृहाची मावशी, जिला येथे मेट्रन म्हणतात, ती टॉवेल कुठे मिळतील, धुण्याचे कपडे कोणत्या दिवशी द्यायचे, पोट दुखत असेल तर कोणाला सांगायचे, हे सारे सावकाश पण इंग्रजीतच सांगते. या खोलीत चार मुली आहेत आणि चौघींच्या भाषा वेगळ्या. खिडकी रात्री उघडी ठेवायची की बंद, यावर त्यांचा वाद चालला आहे. कोणीही वाक्य मनात तपासत बसलेले नाही. पुण्याच्या मुलीला खिडकी बंद हवी आहे आणि या दृश्यात ती सर्वांत मोठ्या आवाजात बोलते आहे.

मायबोलीवर बंदी नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. संध्याकाळी ठरावीक वेळ फोन मिळतो आणि मग व्हरांड्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून निराळी भाषा ऐकू येते. पुण्याची मुलगी आजीला खिडकीचा सगळा वाद मराठीत ऐकवते.

[दृश्य : मैदान, राउंडर्सचा खेळ, नंतर किनाऱ्यावरची सहल]

दुपारी राउंडर्स (बेसबॉलसारखा चेंडूफळीचा खेळ), टेनिस, पोहणे. राउंडर्समध्ये धाव, थांब, फेक हे ऐकताक्षणी कळावे लागते. शनिवारची सहल डॉर्सेटच्या किनाऱ्यावर डर्डल डोअरला गेली. समुद्राने कोरलेली चुनखडकाची ही कमान ज्या किनाऱ्यावर आहे, तो 2001 पासून जागतिक वारसा आहे. येथे निवेदन थांबवून मुलांचे आवाजच ऐकू देत आहोत.

[दृश्य : किनाऱ्यावरची मुले, मूळ ध्वनी]

ब्रिटिश कौन्सिल आणि भाषाशाळांची संघटना इंग्लिश यूके यांच्या मान्यता योजनेखाली असलेल्या अशा भाषाशाळांची तपासणी होते. त्यात शिकवण्याबरोबरच अठरा वर्षांखालील मुलांची सुरक्षितता आणि देखभालही पाहतात. पालकांनी मुलाला पाठवण्यापूर्वी ही मान्यता पाहावी. भारतातल्या मुलांना व्हिजिटर व्हिसा आणि पालकांचे संमतिपत्र लागते. निवासासह खर्च बहुतेक ठिकाणी आठवड्याला एक हजार पौंडांच्या पुढे जातो आणि त्यामुळे येथे येऊ शकणारी मुले मोजक्याच घरांतली असतात. युरोपीय मुलांच्या शालेय गटांना 2021 च्या ऑक्टोबरपासून पासपोर्टऐवजी ओळखपत्रावर प्रवेश मिळेनासा झाल्यानेही अनेक भाषाशाळांचे गणित बिघडले; फ्रान्सच्या शालेय गटांसाठी 2023 च्या अखेरीस ही अट सैल झाली.

[दृश्य : शेवटचा दिवस, सभागृहात प्रमाणपत्रे वाटली जात आहेत]

भाषिक चौकटीतली एक पायरी चढायला साधारण दोनशे तासांचे शिक्षण लागते, असा अंदाज आहे. तीन आठवड्यांत वर्गातले तास होतात पंचेचाळीसच्या आसपास. त्यामुळे या प्रमाणपत्रांवरची पातळी बहुतेकांची आली तशीच राहते आणि शिक्षकही तसे स्पष्ट सांगतात. पुण्याच्या मुलीचीही पातळी तीच आहे. प्रमाणपत्रासोबत शिक्षिकेचा एक पानी अहवाल असतो. त्यात तिने लिहिले आहे की ही मुलगी आता वर्गात पहिला प्रश्न विचारते, उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारते, आणि पुढे तिला ज्या वर्गात बसवाल तेथे तिला बोलण्याची संधी रोज मिळाली पाहिजे.