डॉक्टरांचे रील्स बघून आपण काय काय बदलतो?

नमस्कार मंडळी! आजचा विषय खास हॉस्टेलवर, कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींसाठी, कारण घरचं कोणी जवळ नसतं, डॉक्टरकडे जायचा कंटाळा असतो आणि मग तब्येतीचा सगळा सल्ला मोबाईलमधून घेतला जातो.

आधी चांगलं सांगते. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष, लहान मुलांच्या डॉक्टर, त्या कित्येक वर्षं ओरडून सांगत होत्या की टेट्रापॅकवर ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी, असं छापून जे गोड पेय विकतात ते ओआरएस नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात 1 लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, आणि ह्या पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट, आता जास्त साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणजे जुलाब थांबायच्या ऐवजी वाढायचीच भीती. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी घातली. एक डॉक्टर चिकाटीने बोलत राहिली तर काय होतं बघा! मेसचं खाऊन पोट बिघडलं तर आता पुडीवर फॉर्म्युला बघून घ्या, आणि हो, 1 लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात अख्खी टाकू नका, बरेच जण तेच करतात.

आता मला ज्याची खरंच काळजी वाटते ते. रीलमध्ये डॉक्टर म्हणतात थकवा येतो, अंग दुखतं, व्हिटॅमिन डी कमी असेल. बरोबर आहे, असू शकतं. पण पोरं काय करतात, सरळ मेडिकलमधून 60,000 युनिटच्या गोळ्या आणतात, टेस्ट नाही काही नाही, आठवड्याला एक असा कोर्स असतो हे अर्धवट ऐकलेलं असतं आणि संपला तरी घेतच राहतात. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, खूप झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो. आणि थकवा तर हिमोग्लोबिन कमी असल्यानेही येतो, थायरॉईडनेही येतो, रात्री चारच तास झोपल्यानेही येतो! रीलमधल्या डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट बघितलेलाच नसतो ना.

म्हणून माझं सरळ मत आहे, रील बघून सवय बदला, बिनधास्त बदला, लेबल वाचा, झोप वाढवा, एनर्जी ड्रिंक सोडा. गोळी मात्र समोर बसलेल्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि नावापुढे डॉ. दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. एमबीबीएसवाल्यांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर शोधता येतं, आयुर्वेद आणि होमिओपॅथीची कौन्सिलं वेगळी आहेत. पावडर विकणाऱ्या रीलखाली जाहिरात असं लिहिलंय का तेही बघा. पुणे विद्यापीठात शिकत असाल तर कॅम्पसमध्येच आरोग्य केंद्र आहे, तिकडे जाऊन या.