डोक्याला लागलेला जुना मार आणि उतारवय

नमस्कार मंडळी, नाशिक आणि आसपासच्या सगळ्या श्रोत्यांना नमस्कार. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांनाही रेडिओजवळ बसवा, कारण आज जे बोलणार आहे ते त्यांच्याबद्दलच आहे आणि त्यांच्यासमोरच बोललेलं बरं.

विषय आहे डोक्याला पूर्वी कधीतरी लागलेला मार. आत्ताचा नाही हं, वीस-तीस वर्षांपूर्वीचा, ज्याचे टाके कधीच निघाले, फाइल माळ्यावर गेली नाहीतर रद्दीत गेली, आणि घरात आता त्याचा विषयही कोणी काढत नाही असा. मी इथेच नाशिकला बरीच वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली पुष्कळशी डोक्याच्या पेशंटच्या वॉर्डात गेली. आग्रा हायवेवरून यायचे, द्वारका चौकातून यायचे, दिंडोरी-निफाडकडून ट्रॅक्टरवरून पडलेले यायचे, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून उंचावरून पडलेले यायचे. पेशंटने डोळे उघडले, स्वतःचं नाव सांगितलं, धरून धरून का होईना बाथरूमपर्यंत चालत गेला की आम्ही म्हणायचो सुटला बाबा एकदाचा, घरचे पेढे आणायचे, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की सगळ्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. पण त्यातली काही माणसं मला पुढे म्हातारपणी परत भेटली, नातेवाईक म्हणून नाही, पेशंट म्हणून, आणि तेव्हा घरचे सांगत होते की अहो वय झालंय त्यांचं, दुसरं काही नाही. त्या जुन्या अपघाताचा उल्लेखसुद्धा कोणी करत नव्हतं. ते मला फार लागतं, म्हणून आज इथे बसलेय.

आधी आत काय होतं ते सांगते. मेंदू असतो साधारण सव्वा-दीड किलोचा आणि खूप मऊ. गाडी आपटली की डोकं थांबतं पण आतला मेंदू थांबत नाही, तो पुढे जाऊन कवटीला आदळतो, वर पिळल्यासारखा फिरतो पण. त्यात मेंदूच्या पेशींचे जे लांब लांब धागे असतात, एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे, ते ताणले जातात. सीटी स्कॅनमध्ये रक्त दिसतं, हाड मोडलेलं दिसतं, पण हे ताणलेले धागे बहुतेक वेळा दिसतच नाहीत, म्हणून सीटी नॉर्मल असा कागद हातात असला तरी आत काहीच झालं नाही असं त्यावरून ठरत नाही. विहिरीवरच्या मोटरची केबल बघा, वरचं रबर शाबूत पण आतल्या काही तारा तुटलेल्या असल्या तरी मोटर चालते, मग एक दिवस लोड वाढतो आणि केबल गरम व्हायला लागते. तरुणपणी मेंदूकडे शिल्लक भरपूर असते, तो दुसऱ्या रस्त्याने काम भागवून नेतो, साठी-सत्तरीत ती शिल्लक आपोआप कमी होते, बीपी-शुगरने आणखी कमी होते, आणि मग जुनं नुकसान उघडं पडतं. काहींच्या मेंदूत तर मार लागल्यानंतर बारीक सूज वर्षानुवर्षं राहते, टाऊ नावाचं प्रथिन बिघडून साचत जातं, हे अभ्यासात दिसलेलं आहे.

ही काही आजकाल निघालेली गोष्ट नाही. 1928 साली हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सर लोकांबद्दल लिहिलं होतं की वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेल्या या माणसांची चाल बिघडते, बोलणं अडखळतं, विचार संथ होतो. पुढे 2019 मध्ये स्कॉटलंडच्या माजी फुटबॉलपटूंचा मोठा अभ्यास आला, त्यात मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण बाकी लोकांपेक्षा साधारण साडेतीन पट निघालं. हे झालं वारंवार मार खाणाऱ्यांचं. तुमच्या-आमच्यासारख्यांचं काय, एकदाच गाडीवरून पडलेल्यांचं, तर 2018 मध्ये डेन्मार्कमधल्या जवळजवळ 28 लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि डोक्याला इजा झालेल्यांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा 24 टक्के जास्त आढळला. एकच हलकी इजा असेल तर 17 टक्के, एकच पण गंभीर असेल तर 35 टक्के.

आता हे ऐकून कोणी घाबरून रेडिओ बंद करू नका. 24 टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या चोवीस जणांना होणार असं नाही हो. समजा एखाद्या वयात शंभरातल्या दहा जणांना हा आजार होत असेल तर मार लागलेल्यांमध्ये तो बारा-साडेबारा जणांना होईल, असा त्याचा अर्थ. डोक्याला मार लागलेल्या बहुतेकांना डिमेन्शिया होत नाही. धोका वाढतो एवढं खरं, आणि म्हणूनच लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने, म्हणजे लान्सेट कमिशनने, 2024 मध्ये डिमेन्शियाची जी 14 टाळता येण्यासारखी कारणं मोजली त्यात डोक्याची इजा पण आहे.

पण मला जास्त बोलायचंय ते डिमेन्शियाबद्दल नाहीये, त्याच्या आधी आणि त्याच्याशिवाय जे जे होतं त्याबद्दल आहे, कारण त्यातलं कितीतरी बरं होण्यासारखं असतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं जातं.

वासाचंच घ्या. नाकाच्या वर एक चाळणीसारखं पातळ हाड असतं, त्याच्या भोकांमधून वासाच्या नसा वर मेंदूकडे जातात, डोकं जोरात आपटलं की त्या तिथेच तुटू शकतात. पंचवटीतल्या एक आजी, एकट्या राहायच्या, तरुणपणी वाड्याच्या दगडी पायऱ्यांवरून डोक्यावर पडलेल्या. मी भेटायला गेले तर दारातच गॅसचा वास, आत रेग्युलेटर चालू, बर्नरवर काही नाही, आणि आजी दोन हातांवर भाजी निवडत बसलेल्या, म्हणाल्या ये गं, चहा ठेवते. मी आधी खिडक्या उघडल्या, बटणाला हात लावू दिला नाही. मग विचारलं तर म्हणाल्या मला कित्येक वर्षांत वासच येत नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे. घरच्यांना वाटत होतं आजी हल्ली वेंधळ्या झाल्यात, भाजी आंबली तरी कळत नाही, डोकं चालत नाही. डोकं उत्तम चालत होतं त्यांचं, नाकाने कळत नव्हतं. एक गॅस लीक अलार्म लावला आणि शिळ्या अन्नावर तारीख लिहायची सवय लावली, निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या.

दुसरं म्हणजे स्वभाव. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरतो, पुढचा विचार करतो, आणि अपघातात बहुतेकदा त्यालाच फटका बसतो. सासरे एकदम तिरसट झाले, बाबा चारचौघांत काहीही बोलतात, पैसे कोणालाही देऊन टाकतात, यामागे जुनी इजा असू शकते. सुनेने सगळं सहन करावं असं मी अजिबात म्हणत नाही, पण मुद्दाम करतात असं धरून भांडण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवलं तर उपयोग होतो. उदासी, झोप न लागणं, हेही असंच मागे लागतं आणि त्यावर औषधं आहेत.

फिट्स कित्येक वर्षांनंतरही सुरू होऊ शकतात, आणि म्हाताऱ्या माणसात फिट म्हणजे हातपाय झाडणंच असेल असं काही नाही, नुसतं मिनिटभर एकटक बघत राहणं, ओठ चाळवणं, मग थोडा वेळ गोंधळ, एवढंच असतं कधी कधी. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला मार बसलेला असेल तर हार्मोन कमी पडून सतत थकवा येतो, थंडी वाजते, ते रक्त तपासून कळतं. आणि एक तिकडी लक्षात ठेवा, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नसणं आणि विसरभोळेपणा, हे तिन्ही एकत्र आले तर मेंदूत पाणी साचलेलं असू शकतं, आणि ते नळी टाकून काढता येतं. काही माणसं त्यानंतर परत नीट चालायला लागलेली मी बघितलीत.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते, आणि हे जुन्या नाही, उतारवयात नव्याने लागलेल्या माराबद्दल आहे. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, मग मोरीत पाय घसरून कपाट लागलं, एवढ्या किरकोळ माराने त्यातली एखादी शीर झिरपायला लागते. त्या दिवशी काही होत नाही. तीन आठवडे, महिना, दीड महिन्याने डोकं जड, एक पाय ओढत चालणं, दिवसा झोप, बोलताना गोंधळ. घरचे म्हणतात वय झालं किंवा अर्धांगवायू आला. सीटी काढला की जुनं रक्त साचलेलं दिसतं, कवटीला छोटं भोक पाडून ते काढलं की माणूस बऱ्याचदा चार दिवसांत ओळखीचं बोलायला लागतो. हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना हा धोका जास्त, त्यांनी डोक्यावर पडल्यावर बरं वाटतंय म्हणून घरी बसूच नये, त्याच दिवशी दाखवावं. आणि ती गोळी मनाने बंदही करू नका.

मग दवाखान्यात गेलात की डॉक्टर विचारतात, डोक्याला कधी मार लागला होता का? आणि नव्वदीच्या आजोबांपासून सगळे म्हणतात नाही. कारण रक्त आलं, टाके पडले तरच आपण मार धरतो. एका काकांच्या बाबतीत मावशी ठामपणे नाही म्हणत होत्या, मी काकांच्या भुवईतला व्रण दाखवला, हा कुठला, तर म्हणाल्या अहो ते होय, ते लग्नाआधी लुनावरून पडले होते, दोन दिवस शुद्ध नव्हती म्हणे! म्हणून घरी विचारताना असं विचारा, कधी गाडीवरून, झाडावरून, बैलगाडीतून, मंडपावरून पडलात का, तालमीत कबड्डीत आपटलात का, कोणी मारलं होतं का, त्यानंतरचं मधलं काही आठवतच नाही असं झालं होतं का.

कोणी मारलं होतं का हे बायकांना एकटं असताना विचारा. कितीतरी आज्या आहेत ज्यांचं डोकं संसारात भिंतीवर आपटलं गेलं, एकदा नाही, अनेकदा, आणि ते कुठल्याच केसपेपरवर नाही. मुलांसमोर त्या कधीच सांगणार नाहीत. आणि आजही कोणाच्या घरी हे चालू असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

आता करायचं काय. बीपी, शुगर ताब्यात ठेवा, कमी ऐकू येत असेल तर मशीन लावा, रोज चाला, लोकांत मिसळा, दारू सोडा, कारण मार बसलेल्या मेंदूला ती जास्त चढते. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो, मेडिकलमधून मनाने घेऊ नका. मोरीत धरायला दांडी आणि रात्री जिन्यात दिवा, एवढं याच आठवड्यात करून टाका.

आणि तरुणांनो, 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या नाशकात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम निघाली होती, तेव्हा पंपावर एकमेकांचं हेल्मेट मागून घेऊन पेट्रोल भरणारे मी पाहिलेत, वाईट वाटलं फार. हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्के कमी होतो, पण पट्टा लावलेला असेल तरच, आणि मागे बसलेल्या आईच्या डोक्यालाही कवटी तीच आहे.

शेवटचं काम, कागदाचं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाने एक पान करा. कधी पडले ते साल, किती वेळ शुद्ध नव्हती, उलट्या झाल्या का, ऑपरेशन झालं का, त्यानंतर वास, झोप, राग यात काय बदललं, आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत. साल नक्की आठवत नसेल तर मोठीच्या लग्नाच्या आधी, धाकट्याच्या बारशानंतर असं लिहा, चालतं. जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, त्या कागदाची शाई उडते. हे पान बीपीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून त्यांच्या टेबलावर ठेवा. नमस्कार.