साठ वह्यांची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

इतिहासाचा प्रकल्प हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आजचं बोलणं आहे. पालकांनीही ऐकायला हरकत नाही. निम्मे प्रकल्प घरात कोण लिहितं, हे आपल्याला ठाऊक आहेच.

विषय आहे इतिहासाची साधनं. लिखित, भौतिक आणि मौखिक ही वाटणी तुम्ही शिकलेले आहात. पत्र, नाणं, आजीची आठवण. पण काम करताना दुसरी वाटणी जास्त उपयोगी पडते. प्राथमिक साधन म्हणजे त्या काळातलं, त्या घटनेजवळच्या माणसाचं. पत्र, हिशेबाची वही, फोटो, त्या दिवशीचं वर्तमानपत्र. दुय्यम साधन म्हणजे हे सगळं तपासून नंतर कुणी लिहिलेला इतिहास. आणि ज्ञानकोश, पाठ्यपुस्तक, इंटरनेटवरचा माहितीचा लेख हा दुय्यमाचाही गोषवारा. सुरुवात या गोषवाऱ्यापासून खुशाल करा, फक्त तिथेच मुक्काम ठोकू नका. लेखाच्या तळाला बारीक अक्षरात टिपा असतात ना, त्या वाचा. पुढची वाट तिथूनच सापडते.

इथवर सोपं आहे. घोटाळा पुढे होतो. विद्यार्थी मोठ्या विश्वासानं सांगतात, "सर, हे प्राथमिक साधन आहे, म्हणजे खरंच असणार." नाही. पुन्हा सांगतो, नाही. ३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो ट्रिब्यून'चा मथळा होता, ड्यूईनं ट्रुमनला हरवलं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची ती निवडणूक ट्रुमन यांनी जिंकली होती! तोच अंक उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. अगदी समकालीन साधन, आणि धडधडीत चूक.

म्हणून कागद हाती आला की चार गोष्टी विचारायच्या. कोणी लिहिला? कधी लिहिला? कुणासाठी लिहिला? आणि आपल्यापर्यंत आला कसा? कोणी, कधी, कुणासाठी, कसा आला. चौथा प्रश्न सगळे विसरतात. आणि त्या चौथ्या प्रश्नाची एक गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगतो. संधी नसली तर काढतो.

एप्रिल १९८३. पश्चिम जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकानं जाहीर केलं की हिटलरच्या खासगी रोजनिश्या आमच्या हाती आल्या आहेत. एकदोन नव्हे, साठच्या आसपास वह्या! १९३२ ते १९४५ पर्यंतच्या. त्यांच्यासाठी साप्ताहिकानं ९० लाखांहून जास्त मार्क मोजले होते. वह्या आणून देणारा त्यांचाच वार्ताहर, गेर्ड हायडेमान.

आता विचारा, वह्या आल्या कशा? तर म्हणे, एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनहून हिटलरचं सामान घेऊन निघालेलं विमान कोसळलं, पेट्या गावकऱ्यांनी लपवल्या आणि पुढे त्या चोरून पश्चिमेकडे आल्या. गंमत पाहा, विमान कोसळलं होतं हे अगदी खरं. ड्रेस्डेनच्या दक्षिणेला बोर्नर्सडोर्फ नावाचं खेडं आहे, तिथे ते पडलं. हायडेमाननं तिथल्या कबरीसुद्धा जाऊन पाहिल्या. कबरी खऱ्या, म्हणून वह्या खऱ्या! खऱ्या खुंटीला खोटा अंगरखा अडकवला, आणि सगळे खुंटीच ठोकून पाहत बसले. मधल्या अडतीस वर्षांत वह्या कुणाकडे होत्या, याचं उत्तर एकच, गुप्त आहे. वर्तमानपत्रातलं 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितलं' वाचलं की मला हाच प्रसंग आठवतो, पण ते जाऊ दे.

तज्ज्ञांनी काय केलं? ब्रिटिश इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांना झुरिकच्या बँकेत ते घबाड दाखवलं. हिटलरच्या अखेरच्या दिवसांवर त्यांचंच पुस्तक प्रमाण मानलं जाई. वह्यांची चळत पाहून ते भारावले. एवढं सगळं कोण कशाला बनवत बसेल? शिवाय कागद तपासून झालाय, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी खरेपणाची ग्वाही दिली, मग मन खाऊ लागलं, आणि जाहीर पत्रकार परिषदेतच ते डळमळले.

मग हस्ताक्षर? तेही तज्ज्ञांनी तपासलं. जुळलं. का जुळलं, ऐका. ताडून पाहायला जे हिटलरचे 'अस्सल' नमुने दिले होते, त्यांत त्याच बनावट करणाऱ्यानं तयार केलेले कागद होते! खोट्याशी खोटं ताडलं, तर जुळणारच.

हा बनावट करणारा म्हणजे कोनराड कुयाऊ. जुन्या लष्करी वस्तूंचा व्यापारी आणि हरहुन्नरी नक्कलकार. पानं जुनी दिसावीत म्हणून त्यानं त्यांच्यावर चहा ओतला. मुखपृष्ठावर जुन्या वळणाची आद्याक्षरं लावली, ती मात्र 'ए एच'ऐवजी 'एफ एच' निघाली. एवढ्या मोठ्या कचेरीत ते कुणाला खटकलं नाही. मजकुरासाठी त्यानं हिटलरच्या भाषणांचं एक छापील संकलन वापरलं, आणि त्या पुस्तकातल्या चुकाही इमानेइतबारे उतरवल्या. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरातल्या खाडाखोडीसकट कॉपी करणारा एक असतो ना, तसं.

६ मे १९८३ ला जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारानं निकाल दिला. कागदात जो पांढरेपणा आणणारा पदार्थ होता, तो महायुद्धानंतरच वापरात आला. जंबुपार, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, किरणांखाली तो चमकला. बांधणीच्या धाग्यात कृत्रिम तंतू निघाले. शाई ताजी होती. हायडेमान आणि कुयाऊ, दोघांनाही तुरुंगवास झाला.

यातले दोन शब्द लक्षात ठेवा. कागद, शाई, धागा तपासणं म्हणजे बहिरंग परीक्षण. मजकूर तपासणं, त्यातली माहिती आली कुठून हे शोधणं, म्हणजे अंतरंग परीक्षण. तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही, पण अंतरंग परीक्षण तुम्ही आजही करू शकता. दोन पुस्तकांत एकच चूक सापडली, तर ते दोन पुरावे नाहीत. एकानं दुसऱ्याची नक्कल केली असेल, किंवा दोघांनी तिसऱ्याची. पुन्हा सांगतो, एकच चूक दोनदा दिसली की साक्षीदार दोन धरू नका.

कागदांवरून आठवलं. घरात जुनं पत्र फाटलं असेल तर कृपा करून चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि कागदाला खातो. वाळवीपेक्षा चिकटपट्टीची मला जास्त भीती वाटते. आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा. मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, पण पन्नास वर्षांनी त्यातलं कोण कोण हे कुणाला कळणार? असो.

मौखिक साधनांसाठी आज वेळ कमी उरला. एवढंच सांगतो, मुलाखत घेताना तुम्ही काय विचारलंत तेही लिहून ठेवा. "तेव्हा फार हाल झाले ना?" असं विचारलं तर उत्तर "हो" असंच येतं.

आता त्या वह्यांचं काय करायचं? फेकून द्यायच्या? माझा विद्यार्थी असता तर मी त्याला विचारलं असतं, तुझा प्रश्न काय आहे? प्रश्न हिटलरबद्दल असेल, तर साठही वह्या रद्दी. पण १९८० च्या सुमारास जर्मन समाजाला हिटलरबद्दल काय वाचायला हवं होतं, बातमीच्या धंद्यात शहाणी माणसं कशी फसतात, हा प्रश्न असेल, तर याहून चांगलं प्राथमिक साधन मिळणार नाही. आधी प्रश्न, मग साधन. हा क्रम मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. २०२३ मध्ये जाहीर झालं की या वह्या जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवल्या जातील. म्हणजे ज्यांनी त्या खोट्या ठरवल्या, त्यांच्याच कपाटात.

आणि कुयाऊ? तुरुंगातून सुटल्यावर त्यानं दुकान थाटलं. थोर चित्रकारांच्या नकला तो उघडपणे, खाली स्वतःची सही करून विकू लागला. चांगल्या खपल्या. २००० साली तो वारला. त्यानंतर काही वर्षांनी बाजारात त्याच्या सहीची आणखी चित्रं फिरू लागली, आणि तपासात निघालं की ती त्यानं काढलेलीच नव्हती. कुयाऊच्या नकलांच्याही कुणी नकला केल्या होत्या, सहीसकट.

आपली वेळ संपली. नमस्कार.