कागदी लिंबाची पानं पिवळी का पडतात?

[दृश्य : गच्चीतली मोठी कुंडी. कागदी लिंबाचं झाड, निम्मी पानं पिवळी.]

लिंबाचं झाड पिवळं पडलं की सल्ले सुरू होतात. युरिया टाका, राख टाका, अंड्याची टरफलं टाका. यातलं काहीही टाकण्याआधी एकच गोष्ट नीट बघायची. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आहे, की खालच्या जुन्या पानांवर?

हा फरक फार बोलका आहे. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं. म्हणून आधी जुनी पानं पिवळी होतात. लोह मात्र असं सहजासहजी हलत नाही. ते कमी पडलं की कोवळी पानंच फिकट निघतात.

[दृश्य : शेंड्याचं पान जवळून. पिवळं पातं, हिरव्या शिरांची जाळी.]

हे पान पाहा. पातं पिवळं, शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता. दख्खनच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या पाण्यावरच्या कुंड्यांत ही तक्रार सर्रास दिसते. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे सामू, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा सांगणारा पीएच, आठच्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. जड पाणी रोज थोडी थोडी चुनखडी आणून टाकतं. कुंडीच्या काठावर साचलेला पांढरा थर बहुतेक वेळा त्याचाच असतो.

घरच्या घरी परीक्षा करता येते. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. माती फसफसली, तर तिच्यात चुनखडी भरपूर आहे. अशा मातीत राख किंवा टरफलांची पूड घालू नका. राख सामू आणखी वाढवते आणि टरफलं म्हणजे पुन्हा चुनखडीच.

उपाय चिलेटेड लोहाचा, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेल्या लोहाचा, पण पुडा वाचून घ्या. ईडीटीए (EDTA) प्रकारातलं लोह साधारण साडेसहा सामूच्या वर टिकत नाही, त्यामुळे चुनखडीच्या मातीत पैसे वाया जातात. इथे ईडीडीएचए (EDDHA) प्रकारचंच हवं. एक लिटर पाण्यात 1 ग्रॅम विरघळवून, मोठ्या कुंडीला दोन लिटर द्रावण ओल्या मातीवर ओता. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी द्या आणि वरून थोडी माती सारा. गुण आला की नाही, हे पुढची नवती, म्हणजे नवी पालवी सांगते. ती हिरवी आली पाहिजे. जुन्या पानांकडे बघून डोस वाढवू नका. शक्य असेल तर पागोळीचं पाणी साठवून तेच या झाडाला द्या. याहून स्वस्त औषध नाही.

पानं लहान, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे असतील, तर जस्त कमी आहे. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरलेला चुना मिसळून, गाळून कोवळ्या नवतीवर फवारा. चुना नसला तर द्रावण पानं करपवतं.

[दृश्य : जुनं पान. देठाजवळ हिरवा त्रिकोण, बाकी पिवळं.]

जुन्या पानाच्या बुडाशी असा हिरवा त्रिकोण उरला, तर मॅग्नेशियम कमी आहे. लिटरला 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. जुनं पान सगळंच एकसारखं फिकट झालं, तर नत्र हवं. मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड आणि दोन ओंजळी गांडूळखत पुरतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी खूण. शिराच पिवळ्या, पातं त्यामानाने हिरवं. इथे दोष बहुधा मुळांत किंवा खोडाच्या सालीत असतो. कडेची माती बोटभर उकरून एक बारीक मूळ ओढा. निरोगी मूळ पांढरट आणि चिवट असतं. कुजलेल्या मुळाची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशा झाडाला खत देणं म्हणजे त्याचं नुकसान वाढवणं.

आधी कुंडीखालची थाळी काढा, कुंडी विटांवर ठेवा, बुडाची भोकं मोकळी करा. मग दोन पेरं खोल बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी. माती चिकट असेल तर कुंडी बदला : दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत.

[दृश्य : खोडाचा बुंधा. सालीवर तपकिरी डिंक.]

बुंध्यावर डिंक दिसला, तर तो डिंक्या, म्हणजे साल कुजवणारा रोग. बुंध्याला टेकलेली ओली माती आणि शेणखत त्याला आमंत्रण देतात. ती माती मागे सारा. धारदार सुरीने रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडा आणि बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं, मग एकत्र. जमिनीतल्या झाडाला दुहेरी आळं करा, खोडाभोवती एक कोरडं आणि त्याबाहेर पाण्याचं, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही.

पानं हिरवी असतानाच गळतात, तेव्हा बहुतेक वेळा पाण्याचा खंड कारण असतो : आठवडाभर कोरडं, मग एकदम बादलीभर. बागायतदार बहार धरण्यासाठी मुद्दाम पाणी तोडून ताण देतात आणि तेव्हा पानगळ होतेच. पण ते जमिनीत खोल मुळं असलेल्या झाडाला झेपतं. कुंडीतल्या झाडाला ताण देऊ नका. एप्रिल-मेमध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला गोणपाट गुंडाळा, नाहीतर मुळं भाजतात.

शेवटची तपासणी. पान मधल्या शिरेवर दुमडा. पिवळे डाग दोन्ही बाजूंना सारखे जुळले, तर कमतरता. एका बाजूला वेगळे, दुसऱ्या बाजूला वेगळे, आणि फळंही वेडीवाकडी, एका बाजूने हिरवी राहणारी, तर सिट्रस ग्रीनिंगचा संशय धरा. हा जिवाणूजन्य रोग आहे, घरी बरा होत नाही. रोग पक्का झाला तर झाड मुळासकट काढावं, नाहीतर सायला हा रस शोषणारा बारीक किडा तो शेजारच्या झाडांवर नेतो. हीच कीड कढीपत्त्यावरही वाढते, म्हणून नवं रोप लावण्याआधी कढीपत्त्याचे कोवळे शेंडे उलटून बघा.